वरचा घाट आणि खालचा हापसा

फ्रान्समधलं एक गाव मी कधी पाहिलेलं नाही, तरी त्याचा नकाशा मी आजही डोळे मिटून काढू शकते. नदी डावीकडून येते, पांढऱ्या दगडाच्या एका टेकडीला वळसा घालते आणि विळ्यासारखी वाकून पुढे निघून जाते. पाणी गावाला जिथे पहिल्यांदा शिवतं तिथे मठ. मठाच्या खाली पाणचक्की, मग पूल, मग बाजार, आणि सगळ्यात शेवटी, पाणी गाव सोडतं तिथे, कातडी कमावणाऱ्यांची गल्ली. परभणीच्या कॉलेजात इतिहासाच्या सरांनी हे गाव फळ्यावर काढलं होतं. त्याचं नाव त्यांनाही नीट उच्चारता येत नव्हतं, त्यामुळे त्यांनी ते एकदाच घेतलं आणि पुढे सगळा तास 'मठाचं गाव' असंच म्हणत राहिले. ते ऐकून मी एकदम ताठ बसले, कारण आमच्या निंबठाण्यालाही सगळा तालुका मठाचं गाव असंच म्हणायचा.

सर सांगत होते, की त्या गावात दळण मठाच्याच चक्कीवर टाकावं लागे आणि दळणातला वाटा मठाला द्यावा लागे. कुणाच्या घरात हाताचं जातं सापडलं, तर मठाची माणसं येऊन ते फोडायची. साधूंनी नदीतून एक पाट काढला होता. तो आधी मुदपाकखान्याखालून जाई, मग त्यांच्या शौचकूपांखालून आणि मग मठाच्या खालच्या अंगाला परत नदीत. सर हे कौतुकानं सांगत होते. आठशे वर्षांपूर्वीचं नियोजन बघा, म्हणाले. मी वर्गात कधी तोंड उघडत नसे. घरात शाळेचं तोंड पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे आपण विचारू ते चुकीचंच असणार असं मला कायम वाटायचं. त्या दिवशी कशी कोण जाणे, उभी राहिले आणि विचारलं, "सर, मग खालचे लोक कुठलं पाणी प्यायचे?" सर फळा पुसता पुसता थांबले. म्हणाले, "तेच. पण ते परीक्षेला येत नाही."

मग त्यांनी संताच्या हाडांची गोष्ट सांगितली. मठात एका संताची हाडं चांदीच्या पेटीत जपून ठेवलेली होती. गावात साथ आली, की त्या हाडांवरून द्राक्षाची दारू ओतायचे आणि खाली जमलेली ती दारू आजाऱ्यांना पाजायचे. सगळ्या वर्गानं 'ई' केलं. मीही केलं. शेजारी सुमन बसली होती. ती आमच्याच गावची, बौद्धवाड्यातली. सरकारी वसतिगृहात राहायची आणि मी आत्याच्या घरी. तास सुटल्यावर ती म्हणाली, "तू कामून तोंड वाकडं केलंस? तुमी पादुका धुऊन पिताच की."

"ते पाणी असतं," मी म्हणाले.

"हो का," सुमन म्हणाली आणि पुस्तकं उचलून चालू लागली.

त्याच गावाचा इतिहास आणि भूगोल सरांनी मला ट्यूटोरियलसाठी, म्हणजे लिहून आणायला, दिला. आता इतक्या वर्षांनी माझ्या नातवानं त्याच्या मोबाइलवर मला ते गाव वरून दाखवलं. मठाचे निम्मे दगड लोकांनी केव्हाच काढून नेऊन आपापली घरं बांधली आहेत, आणि नदीत रंगीबेरंगी नावा दिसतात. नातू म्हणाला, आजी, किती स्वच्छ आहे. मी हो म्हणाले. पण पाणी दिसलं की ते कुठून येतं आणि त्याच्या वर कोण राहतं, हे आधी बघायची मला खोड लागली आहे. कुणाच्या घरी गेले तरी मी पेला हातात धरून बसते. सुना हसतात. ही किळस मला कुठून लागली, तेवढंच या प्रकरणात सांगायचं आहे.

आमचं गाव सोनपेठच्या अंगाला, गोदावरीच्या काठावर. आम्ही तिला गंगाच म्हणतो. घर म्हणजे मातीच्या दोन खोल्या आणि पुढे बोराटीच्या काट्यांचा वाडगा, त्यात मेंढरं. बा सुगी झाली की मोठी मेंढरं घेऊन चरायला लांब जायचा तो पावसाळ्यातच परत यायचा. घरी माय, मी, धाकटा बिरू आणि आजारी-लंगडी चार-दोन मेंढरं उरायची. घराला लेंड्यांचा, लोकरीचा आणि दुधाचा मिळून एक वास होता. परभणीहून आले की पहिल्या दिवशी तो नाकात शिरायचा आणि दुसऱ्या दिवशी नाहीसा व्हायचा. सकाळ मठाच्या नगाऱ्यानं उजाडायची. मग मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, मग कोकरांचं ओरडणं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. बिरू भाकरी दुधात बुडवून खायचा आणि बुडवताना सगळी बोटं दुधात घालायचा, म्हणून मायच्या हातचा मार खायचा. तो सहा-सात वर्षांचा होता.

नदीवर कुणी कुठे उतरायचं हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं ते माहीत नाही. सगळ्यात वर मठाचा दगडी घाट. तिथे फक्त मठाची माणसं. त्याच्या खाली पाटील आणि मोठ्या शेतकऱ्यांचा पाणवठा, मग बारक्या कुणब्यांचा, मग आम्हा मेंढरंवाल्यांचा, मग गुरं धुवायची जागा आणि त्याच्याही खाली बौद्धवाडा. लहानपणी मी घागर भरायला जाताना चुकून चार पावलं वर गेले, तर कुणब्याच्या म्हातारीनं माझी भरलेली घागर पालथी करून दिली होती. मायनं रिकामी घागर उचलली. घरी येऊन मलाच म्हणाली, "आपलं पानी आपल्याच जागी भरावं, कौसे." मला तेव्हा ते पटलंही होतं. नदी वाहती होती. वरच्याचं उष्टं खालच्यानं प्यायचं, हे दिवसानंतर रात्र यावी तितकं साधं वाटायचं.

मग गावाच्या खाली सरकारनं बंधारा बांधला. दिवाळीनंतर त्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या लोखंडी फळ्या, टाकले, की गंगा वाहायची थांबायची आणि मठाच्या वरपर्यंत तुंबून उभी राहायची. उभ्या पाण्याला वर आणि खाली काय असतं? पण लोक ज्या त्या ठरलेल्या जागीच उतरत राहिले. शेवाळाचा तवंग दिवसभर वाऱ्यानं या घाटावरून त्या घाटाला लागायचा, आणि मठाचा पुजारी तवंग हातानं बाजूला सारून पादुकांसाठी तांब्या बुडवायचा.

सुमनच्या वस्तीला नदीची गरज उरली नव्हती. नामांतराच्या दंगलीत त्यांची घरं जाळली होती. कुणी, ते गावाला माहीत होतं आणि गाव त्यावर बोलत नव्हतं. पुढे सरकारनं नवी पत्र्याची घरं दिली आणि त्यांच्यासोबत एक हापसा. खोल बोअरचा, चार दणके मारले की थंड पाण्याची धार सोडणारा. त्याच्या दांड्याचा आवाज आमच्या वाडग्यापर्यंत यायचा.

त्या वर्षी मठाच्या मूळपुरुषाच्या पुण्यतिथीला मी आठ दिवसांची रजा काढून गावी आले. ट्यूटोरियलचे कागद सोबत होते. पुण्यतिथीला आमच्या आळीच्या बायकांकडे भांडी घासायचं काम असे; ती सेवा समजायची. मठानं त्या साली हैदराबाद-नांदेडकडून येणाऱ्या पाहुण्यांसाठी फरशीचे संडास बांधले होते, गावातले पहिले. आम्ही घाटाच्या कडेच्या घळीत बसून राखेनं कढया घासत होतो. पंगती उठल्या की पत्रावळी त्याच घळीत येऊन पडायच्या. भात, वरण, बुंदी, चघळून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा, सगळं भिजून फुगलेलं. त्यावर माशा इतक्या, की पत्रावळ काळी दिसायची आणि हात हलवला की हिरवी व्हायची. आणि त्या सगळ्या वासाखाली आणखी एक वास होता. माझ्या पायाखालची शहाबादी फरशी ओली होती. तिच्या फटीतून पिवळट फेस येत होता आणि बारीक धारेनं घाटाच्या पहिल्या पायरीकडे जात होता. मी कढई सोडून उभी राहिले.

"माय, संडासाचं हाय हे."

"खाली बस. मठाचं हाय, घान म्हनू नये."

"अगं, हातावर आलंय माझ्या."

"मग धू हात," माय म्हणाली आणि त्याच पाण्यात स्वतःचे हात बुडवून मला दाखवले.

त्या घळीपासून दोन हातांवर पुजाऱ्यानं संध्याकाळी तांब्या बुडवला. पादुकांवर पाणी ओतलं, ते परातीत धरलं आणि पळीपळीनं सगळ्यांना वाटलं. माझ्या तळहातावर पळी आली तेव्हा मला फळ्यावरचा पाट आठवला. फ्रान्सच्या त्या साधूंना निदान नदीचा उतार कळत होता. त्यांनी आपली घाण आपल्या पाण्याच्या खाली सोडली होती. मी तळहात ओठाशी नेला आणि पाणी बाहीत जिरवलं. माझ्या शेजारी बिरूनं दोनदा हात पुढे केला आणि दोनदा प्यायला. त्यात कापूर आणि तुळस असते, लेकरांना ते आवडतं. मायनं बाटली भरून तीर्थ घरी आणलं आणि देवळीत ठेवलं.

तिसऱ्या दिवशी गाव हगवणीनं आडवं झालं. ज्याला जी जागा सापडेल तिथे लोक बसत होते. पांदीतून चालता येईना. आमच्या आळीत एक म्हातारी गेली, पाटलाच्या वाड्यावर एक तान्हं लेकरू गेलं. मठाचे महाराज अचानक मौनात गेले. पण मौन पाळणाऱ्याला धोतरं इतकी का लागतात, असं मठाच्या परटिणीनं आळीत येऊन विचारलं. बिरू सकाळी खेळत होता आणि दुपारी त्याच्या पोटऱ्यांत गोळे आले. संध्याकाळपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. त्याच्या अंगाखालून भाताच्या पेजेसारखं पाणी जात होतं आणि त्याला मासळीचा वास येत होता. माय ते पोत्यानं पुसायची, पोतं नदीत धुवायची आणि येताना तिथलंच पाणी भरून आणायची.

बौद्धवाड्यात कुणालाच काही झालं नव्हतं. दोन दिवसांत गावाला ते दिसलं आणि गावानं त्याचा अर्थ लावला. "सगळं गाव मरायलंय आन् त्यायला साधी उलटी न्हाई, ह्याचं काय समजावं," असं मठाचे कारभारी पारावर बसून म्हणाले. अशाच एका साथीत फ्रान्सच्या त्या गावानं नदीपलीकडच्या महारोग्यांवर विहिरीत विष टाकल्याचा आळ घेतला होता, हे माझ्या ट्यूटोरियलच्या कागदात लिहिलेलं होतं. पुढे त्या महारोग्यांना जाळलं होतं. ते पान मी गादीखाली सारलं.

बिरू आजारी पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप आली. डॉक्टरीण बाई होत्या, चष्म्याच्या, आवाज बसलेल्या. त्यांनी घरोघर फिरून पुड्या दिल्या. बिरूजवळ त्या सगळ्यात जास्त वेळ बसल्या. पुडी चांगल्या पाण्यात विरघळवून दर थोड्या वेळानं पाजत राहायचं, आज रात्रीपर्यंत लघवी झाली तर पोरगा वाचेल, असं त्यांनी मायला सांगितलं. मग सगळ्यांना घाटावर बोलावलं. कारभारी पुढे होते.

"रोग खालून आलाय, बाई," ते म्हणाले. "बंधारा झाल्यापासून खालचं पानी वर चढायलंय. खालच्या वस्तीची घान मठाच्या घाटाला लागायलीय."

"मठाचं सांडपाणी कुठं जातं?" बाईंनी विचारलं.

लोक कारभाऱ्यांकडे बघू लागले. मी बायकांच्या घोळक्यात मागे होते. कारभाऱ्यांच्या एका शब्दावर बानं मला परभणीहून परत आणलं असतं. पण बिरूची ती उभी राहिलेली कातडी माझ्या बोटांना अजून लागत होती.

"बाई, मी दाखवते," मी म्हणाले.

घळीतली शहाबादी दोघांनी पहार घालून उचलली. खाली संडासाच्या नळाचं तोंड होतं आणि त्याच्यासमोर पत्रावळींचा लगदा साचून दार झालं होतं. त्यात वळवळ होती. वरची बुंदी अजून ओळखू येत होती. मागे साचलेलं सगळं फरशी उचलताच हललं आणि आमच्यासमोर पहिल्या पायरीवर आलं. बाईंनी नाकाला पदर लावला. कारभारी म्हणाले, "ते उष्टं न्हाई, बाई. शेष हाय ते, परसाद." गावातल्या कुणीही तोंड फिरवलं नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बाई म्हणाल्या, की या नदीचं पाणी कुठल्याच घाटावरचं प्यायचं नाही, मठाच्या विहिरीचंही नाही, तिच्यातही नदीचंच पाणी झिरपतं. गावात एकच पाणी चांगलं आहे, खालच्या हापशाचं. तेव्हा मात्र बायकांनी नाकाला पदर लावले. माझ्या शेजारची तर खरोखर थुंकली.

कारभारी हसून म्हणाले, "आता आपलीबी घरं पेटवून घ्या म्हनावं. म्हंजी सरकार आपल्यालाबी हापसा देईल." लोक हसले. त्यातल्या निम्म्यांचं पोट बिघडलेलं होतं, हसताना ते पोट धरत होते.

मी घरी जाऊन घागर उचलली. माय दारात आडवी झाली.

"कुठं जायलीस?"

"हापशाला."

"तुजा बा आल्यावर त्याला काय सांगू? लेकराच्या तोंडात त्याह्यचं पानी घातलं म्हनून सांगू?"

"लेकरू जित्तं हाय म्हणून सांग."

मायनं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. मग आत बिरूनं 'पाणी' म्हटलं, आणि ती बाजूला झाली. बाजूला होताना तिनं अंग असं चोरलं, जणू मी आताच विटाळून आले होते.

हापशावर सुमन आणि तिची आई गयामावशी होत्या. आमच्या आळीतलं तिथे दुसरं कुणी नव्हतं. गयामावशीनं माझ्याकडे बघितलं, घागरीकडे बघितलं आणि म्हणाली, "ठेव तोटीखाली. कसंय पोरगं?" मी सांगितलं. सुमननं दांडा धरला आणि घागर भरून दिली. मी ती घेऊन जवळजवळ पळतच घरी आले. चुलीशी ठेवली, पुडी शोधायला देवळीकडे वळले, आणि मागे वळून बघते तर मायच्या हातात तीर्थाची बाटली. घागरीत तीर्थ ओतून तिनं वरून हात जोडले होते. तिच्या चेहऱ्यावर किती समाधान होतं. "आता चालंल," ती म्हणाली. "आता सुद्द झालं. दे पुडी."

मला ओकारी आली. खरोखर आली, मी वाडग्यात जाऊन ओकले. परत आले, घागर उचलली आणि तिच्यादेखत ओसरीखाली पालथी केली. तिच्या हातातल्या बाटलीतलं उरलेलंही ओतलं. लंगडी मेंढी ते चाटायला आली, तिला मी लाथ मारली. मायनं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

बिरू वाचला, हे इथेच सांगून टाकते. तिन्हीसांजेला त्याला लघवी झाली आणि माय त्या ओल्या गोधडीला कपाळ लावून रडली. आज तो सोनपेठला असतो, त्याला यातलं काही आठवत नाही, आणि पुण्यतिथीला तो सहकुटुंब मठात जातो. मायही मरेपर्यंत जात होती. मला कॉलेजातून काढलं नाही. बा आला तेव्हा माय त्याला काय म्हणाली ते मला कधी कळलं नाही, पण तिनं काहीतरी सांगितलं होतं खरं. पण त्या दिवसाचं म्हणून माझ्या मनात यातलं काही येत नाही. येतो तो दुपारी दुसऱ्यांदा हापशाकडे गेलेला रस्ता. रिकामी घागर, उन्हात वाळत चाललेली घाण, आणि पारावर बसलेली माणसं माझ्याकडे बघून नाक मुरडणारी.

गयामावशी कपडे पिळत होती. ती म्हणाली, "आता तर नेलंस ना गं भरून?"

'सांडलं' म्हणावं असं ओठावर आलं होतं.

"मायनं तीर्थ टाकलं त्यात," मी म्हणाले.

गयामावशीनं पिळा झटकला आणि दोरीवर टाकला. मी घागर तोटीखाली ठेवायला वाकले, तर सुमननं दांडा धरला नाही. तिनं घागर माझ्या हातातून घेतली, तिरकी करून आत बघितलं आणि मला परत दिली.

"राखेनं घासून घे आधी," ती म्हणाली. "ओतून दिलं तरी तळाला राहतं ते."